कर्जाची तडजोड झाली. आता पगार कुठल्या खात्यात घ्यायचा?

बँकेचं पत्र हातात येतं: कर्जाची मुदत वाढवली, हप्ता ११,४०० वरून ६,५०० रुपयांवर आणला. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. मग पाच तारखेला सकाळी मोबाइलवर मेसेज येतो आणि कापले गेलेले असतात ११,४०० च. शाखेत गेलं की उत्तर ठरलेलं असतं, "सिस्टीममध्ये अजून अपडेट नाही झालं, रिव्हर्स होईल." होतंही कधीतरी. तोवर भाडं, दूध, रेल्वेचा पास आणि पोरांची फी कशातून भागवायची, हा प्रश्न शाखेचा नसतो.

यामागे दरवेळी दुष्टावाच असतो असं नाही. कर्ज बघणारा विभाग वेगळा, बचत खातं सांभाळणारी शाखा वेगळी आणि महिन्याच्या महिन्याला हप्ता ओढणारी यंत्रणा तिसरीच. तुमची तडजोड पहिल्या विभागाशी झालेली असते. बाकी दोघांना ती कळवायला हवी, आणि हे काम बँकेचं असलं तरी पगारावर घर चालवणाऱ्याने ते बँकेवर सोडून निवांत बसू नये. माझं मत स्पष्ट आहे: ज्या बँकेचं देणं थकलंय, त्या बँकेत पगार जमा होऊ देऊ नये. त्यात चोरून करण्यासारखं काही नाही. सगळं उघडपणे, कागदोपत्री करता येतं.

आधी तडजोड कसली आहे ते ओळखा. पुनर्रचनेत देणं पूर्णच फेडायचं असतं, फक्त मुदत लांबते आणि हप्ता कमी होतो. एकरकमी तडजोडीत, म्हणजे ज्याला सगळे ओटीएस म्हणतात त्यात, बँक काही रक्कम सोडते आणि उरलेली ठरलेल्या तारखांना भरायची असते. तिसरा प्रकार लोकअदालतीचा. तिथे झालेल्या समझोत्याला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. म्हणजे हप्ता चुकला तर बँकेला दावा नव्याने लावत बसावं लागत नाही, ती थेट अंमलबजावणीला जाऊ शकते. ओटीएसचा हप्ता चुकला तर बहुतेक पत्रांतल्या अटीप्रमाणे सोडलेली रक्कमही पुन्हा अंगावर येते. त्यामुळे या काळात खात्यात ऐन तारखेला पैसे असणं ही साधी शिस्तीची गोष्ट राहत नाही. सगळी तडजोडच त्यावर उभी असते.

बँक परस्पर पैसे उचलू शकते का?

उचलू शकते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७१ ने बँकांना ग्राहकाकडून त्यांच्या ताब्यात आलेल्या वस्तूंवर सर्वसाधारण धारणाधिकार, म्हणजे देणं फिटेपर्यंत त्या राखून ठेवायचा हक्क, दिलाय, आणि कर्जाच्या करारात 'सेट-ऑफ'चं कलम बहुधा असतंच. बोलताना आपण म्हणतो, "बँकेने पैसे वळते करून घेतले." त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. देणं खरोखर थकलेलं असावं, खातं आणि कर्ज एकाच बँकेत असावं आणि दोन्हीकडे माणूस एकाच नात्याने असावा, एवढं पुरतं. शाखा वेगळी असल्याने काही बिघडत नाही. लालबागच्या शाखेतलं कर्ज आणि बोरिवलीच्या शाखेतलं बचत खातं, कायद्याच्या नजरेत बँक एकच. मुदत ठेव, आवर्ती ठेव हेही त्यातच आलं. सोनेतारण फेडून दागिने सोडवायला गेलेल्या माणसाला "आधी पर्सनल लोनचं बघा" असं ऐकावं लागतं, त्यामागेही हाच अधिकार असतो.

'एकाच नात्याने' ही अट मात्र नीट समजून घ्यावी, कारण सुटकाही तिच्यातच आहे आणि धोकाही. कर्ज फक्त नवऱ्याच्या नावावर आणि खातं नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने असेल, तर त्या खात्यातून नवऱ्याचं देणं बँकेला सहसा वळतं करता येत नाही. ते पैसे दोघांचे आहेत. बायको सहकर्जदार असेल तर चित्र बदलतं. अल्पवयीन मुलीच्या नावाचं खातं, ज्यावर वडील फक्त पालक म्हणून सही करतात, तेही वडिलांच्या कर्जासाठी वापरता येत नाही. सोसायटीच्या नावाने उघडलेल्या खात्यावर सचिव म्हणून तुमची सही असली, तरी ते खातं सोसायटीचंच.

आता धोका. आपल्याकडे मंडळाची वर्गणी, चाळीच्या दुरुस्तीचा निधी, ऑफिसातली भिशी, गावच्या जत्रेचे पैसे हे सगळं 'विश्वासातल्या माणसा'च्या स्वतःच्या खात्यात ठेवायची पद्धत आहे. यूपीआय आल्यापासून तर खजिनदाराचा क्यूआर कोडच फिरत असतो. त्या खजिनदाराचं कर्ज त्याच बँकेत थकलेलं असेल, तर बँकेच्या लेखी ते पैसे त्याचेच. गणपतीच्या तोंडावर मंडपवाल्याचे पैसे हप्त्यात वळते झाले, तर मंडळाला काय सांगणार? तडजोडीच्या वाटाघाटी सुरू झाल्या की दुसऱ्यांचे पैसे त्या खात्यातून सर्वांत आधी बाहेर काढा, हिशोबासकट.

कर्ज बँकेचं नसून एनबीएफसीचं, म्हणजे बँक नसलेल्या वित्तसंस्थेचं असेल, तर गोष्ट थोडी हलकी आहे. तिच्याकडे तुमचं बचत खातंच नसतं, त्यामुळे वळतं करायला तिथे काही नसतं. तिची पोच फक्त मँडेटपुरती, म्हणजे खात्यातून हप्ता ओढायची जी परवानगी तुम्ही सही करून दिली तेवढ्यापुरती.

जुनं मँडेट

आपण अजूनही 'ईसीएस कापला' म्हणतो, पण यंत्रणा आता 'नॅच'ची आहे. कर्ज घेताना तुम्ही जे मँडेट दिलं, त्यावर बऱ्याचदा हप्त्याची नेमकी रक्कम नसते, कमाल मर्यादा असते, आणि ती हप्त्यापेक्षा बरीच जास्त ठेवलेली असते. म्हणजे हप्ता कागदावर ६,५०० झाला, तरी जुन्या मँडेटवर ११,४०० ओढायला यंत्रणेची आडकाठी नसते. म्हणून तडजोडीच्या पत्रात तीन गोष्टी लिहून मागाव्यात: जुनं मँडेट कोणत्या तारखेपासून रद्द होणार, नवं किती रकमेचं आणि कोणत्या तारखेचं, आणि तारण म्हणून घेतलेले कोरे चेक परत कधी मिळणार. चौथी मागणीही करून बघावी, की ठरल्याप्रमाणे हप्ते येत आहेत तोवर बँक खात्यातून जादा काही वळतं करणार नाही. बँक हो म्हणेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर कुणीच लिहून देत नाही.

काही जण वैतागून आपल्या बँकेत जाऊन मँडेट नुसतं बंद करून येतात. बँकेला लेखी कळवून ते बंद करता येतं, पण त्यामुळे कर्ज थांबत नाही. शिवाय खात्यात पैसे नाहीत म्हणून मँडेट परत गेलं, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तो गुन्हा ठरू शकतो. चेक न वटण्याच्या कलम १३८ सारखंच आहे ते: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी मागणीची नोटीस यावी लागते आणि मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरायची संधी असते. नोटीस आली की पाकीट न फोडता कपाटावर टाकू नका, एवढंच सांगतो.

बाउन्सचा खर्चही दुहेरी असतो. खातं असलेली बँक परतीचा आकार लावते, कर्ज देणारी संस्था वेगळा आकार लावते. काही संस्था त्याच महिन्यात पुन्हा एकदा मँडेट टाकून बघतात, की परत तोच खेळ. त्यात मिनिमम बॅलन्सचा दंड. या दंडापुरता मात्र रिझर्व्ह बँकेचा नियम तुमच्या बाजूचा आहे: १ एप्रिल २०१५ पासून, निव्वळ किमान शिल्लक नाही म्हणून आकारलेल्या दंडाने बचत खातं उणे करता येत नाही, आणि दंड लावण्यापूर्वी ग्राहकाला कळवून महिनाभराची मुदत द्यावी लागते.

नवं खातं कशापासून वाचवतं, कशापासून नाही

इथे बहुतेकांचा घोळ होतो. दुसऱ्या बँकेतलं खातं तुम्हाला वळतं करण्यापासून वाचवतं. जप्तीपासून नाही. न्यायालयाचा हुकूमनामा झाला आणि त्याची अंमलबजावणी सुरू झाली, तर कोणत्याही बँकेतल्या खात्यावर टाच येऊ शकते. न्यायालय तुमच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागू शकतं, आणि त्यात सगळी खाती लिहावीच लागतात. तो आदेश न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. त्यामुळे मेहुण्याच्या नावाने खातं चालवणं वगैरे सल्ले नाक्यावरच सोडून द्या.

पगाराला मात्र कायद्याने कुंपण घातलंय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार, पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यांसाठी पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. धरा, हिशोबात घ्यायचा पगार ४०,००० आहे. हजार बाजूला काढले, राहिले ३९,०००. त्याचा तिसरा हिस्सा १३,०००. मालकाकडून जास्तीत जास्त एवढेच कापून घेता येतील. एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिने अशी कपात झाली, की पुढे त्या हुकूमनाम्यासाठी पगाराला हात लावता येत नाही. भविष्य निर्वाह निधीतली रक्कमही जप्तीबाहेर आहे. पण हे संरक्षण न्यायालयीन जप्तीविरुद्ध आहे. बँकेने करारातल्या कलमाखाली खात्यातून पैसे वळते केले, तर "हा माझा पगार आहे" एवढं म्हणून भागत नाही, भांडत बसावं लागतं. पीएफ काढून बचत खात्यात आणला की तोही त्याच ढिगात मिसळतो. म्हणून कर्ज थकलेल्या बँकेत पीएफचे पैसे उतरवण्यापूर्वी दोनदा विचार करा.

पतपेढीचं कर्ज असेल तर यातलं बरंचसं लागूच होत नाही. महापालिका, बेस्ट, गोदी, बँका, शाळा, मुंबईत नोकरदारांच्या पतसंस्था जुन्या आणि भक्कम आहेत, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० ने त्यांना वेगळीच ताकद दिलीय. कलम ४९ खाली सभासदाने लिहून दिलेलं असेल तर मालक पगारपत्रकातच कपात करून पैसे पतपेढीला पाठवतो. पगार खात्यात येतो तो कापूनच, मग खातं कुठल्या का बँकेत असेना. वसुलीसाठी कलम १०१ खाली निबंधकाकडून दाखला मिळतो. दिवाणी दाव्याच्या फेऱ्यांची गरज पडत नाही, आणि त्या दाखल्यावर वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. त्यात जामीनदार सहकारीही ओढला जातो. बँकेशी तडजोड करताना पतपेढीची कपात धरूनच हातात किती उरतं ते मांडा. हा आकडा न सांगता ठरवलेला हप्ता तिसऱ्या महिन्यात मोडतो.

खातं उघडताना

कर्ज थकलंय म्हणून साधं बचत खातं नाकारावं असा नियम नाही. ओव्हरड्राफ्ट, क्रेडिट कार्ड वगैरे नको असेल तर बँक तुम्हाला काही उसनं देत नाही, तुम्हीच तिला देता. काउंटरवर टाळाटाळ झाली तर 'बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट' हेच शब्द वापरा. रिझर्व्ह बँकेने २०१२ साली ठरवून दिलेलं हे खातं सगळ्यांसाठी आहे. किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. अट एवढीच, की त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असेल तर ते तीस दिवसांत बंद करावं लागतं.

कागदपत्रं पूर्ण द्या. नाहीतर 'स्मॉल अकाउंट' गळ्यात पडतं आणि त्यात शिल्लक ५०,००० च्या वर नेता येत नाही, वर्षाची जमा १ लाखापुरती आणि महिन्याला काढायची मर्यादा १०,०००. पगाराला ते काय पुरणार? भाड्याने राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते: आधार कार्डावर पत्ता चिपळूणचा, राहणं नालासोपाऱ्याला किंवा मानखुर्दला. सध्याचा पत्ता वेगळा असल्यास तो स्वतःच्या घोषणापत्रावर देता येतो. लीव्ह अँड लायसन्सच्या कागदासाठी घरमालकाच्या मागे लागायची गरज बऱ्याचदा नसते.

बँक निवडताना व्याजदराकडे फार बघू नका, तिच्या तब्येतीकडे बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. ती नंतर वाढवली, पण पहिले काही दिवस पगार अडकलेल्या माणसांचे इतर बँकांतले हप्ते काही थांबले नव्हते. ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, मात्र तो पाच तारखेच्या हप्त्याला वेळेवर उपयोगी पडत नाही.

मग ऑफिसात जाऊन पगाराचं खातं बदलून घ्या. पगारपत्रक साधारण वीस तारखेनंतर बनतं, त्याआधी अर्ज गेला तर त्याच महिन्यात काम होतं. कर्ज घेताना कंपनीने 'पगार याच बँकेत येईल' असं पत्र दिलं असेल, तर आधी ते शोधा. तशा वेळी बँकेची संमती न घेता खातं हलवणं म्हणजे करार मोडणं होईल. ती संमती तडजोडीच्या पत्रातच मागून घ्यावी. जुन्या खात्यावरचं वीजबिल, विम्याचे हप्ते, एसआयपी हे सगळं एकेक करून हलवा आणि दर महिन्याला जुन्या खात्यात फक्त नवा हप्ता आणि थोडी वर रक्कम टाका, तीही तारखेच्या दोन दिवस आधी, कारण दुसरा-चौथा शनिवार मध्ये आला की धावपळ होते. जुनं खातं बंद करायची घाई नको. हप्ता तिथूनच जाणार आहे.

रोख पैसे वसुलीवाल्याच्या हातात देऊ नका. कर्जखात्यात थेट भरा, व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. "हप्ते बँकेला भरूच नका, आमच्या खात्यात जमा करा, आम्ही सेटलमेंट करून देतो" म्हणणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती हल्ली लोकलच्या डब्यातल्या कागदांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतात. त्या काळात तुमचं कर्ज थकत राहतं आणि बँकेवर त्यांचं बंधन काहीच नसतं. जे बोलणं ते करतील म्हणतात, ते शाखेत किंवा लोकअदालतीत तुम्हाला स्वतःला करता येतं.

नादारीबद्दलही, म्हणजे देणं फेडता येत नाही असं न्यायालयाकडून जाहीर करून घेण्याबद्दल, नेहमी विचारणा होते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी परतफेडीच्या योजनेचं प्रकरण आहे, पण कंपन्यांचे वैयक्तिक जामीनदार वगळता ते लागू झालेलं नाही. त्यामुळे मुंबईकराला आजही १९०९ चा इलाखा शहरांचा नादारी कायदा लागतो आणि अर्ज उच्च न्यायालयात जातो. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात राहायला गेलात तर कायदा १९२० चा आणि न्यायालय जिल्ह्याचं. नादार ठरल्यावर मालमत्ता ऑफिशियल असायनी या न्यायालयाच्या अधिकाऱ्याकडे जाते, बँकेतली शिल्लकही त्यातच. आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची किंवा जास्त उधारी घेणं हा गुन्हा आहे. आकडा १९०९ चाच आहे. हे शेवटचं दार आहे आणि वकिलाशिवाय ते उघडायला जाऊ नये.

शेवटचा हप्ता गेल्यावर 'नो ड्यूज' पत्र मागा आणि मँडेट बंद झाल्याचं लेखी घ्या. घर तारण असेल तर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळायला हवेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सिबिलमध्ये पुनर्रचनेचं कर्ज पूर्ण फिटल्यावर 'क्लोज्ड' दिसायला हवं. ओटीएस असेल तर 'सेटल्ड' दिसेल, आणि जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीप्रमाणे तीच संस्था किमान बारा महिने तुम्हाला नवं कर्ज देणार नाही. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँक इतर कुठल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर देत नसेल किंवा भलतंच उत्तर देत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. तिथे वकील लागत नाही, पण पहिल्या तक्रारीची पोच मात्र लागते. तेव्हा शाखेत अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. जुनं खातं यानंतर बंद करा. त्यातली उरलेली रक्कम नव्या खात्यात वळवायचा अर्ज त्याच फॉर्मवर असतो.